चतुःसीमेचा कागद

माझी नात मोबाइलवर काहीतरी उतरवून घेत होती. पडद्यावर भलंमोठं इंग्रजी पान आलं. पोरीनं ते न वाचता, जांभई देत देत, खालचं 'मान्य आहे' दाबून टाकलं. मी तिच्या हातावर चापट मारली.

"वाच आधी. मोठ्यानं वाच."

"आजी, हे कोणीच वाचत नाही."

"म्हणूनच म्हणते."

ती हसली. मला मात्र राग आला आणि तो तिच्यावरचा नव्हता. 'मोठ्यानं वाच' हे वाक्य माझं नाही, अनुसया राठोडचं आहे. अनुसया आठवली की मला दोन माणसांचा राग येतो. एक आमचे तेव्हाचे हेडमास्तर. ते वारले. त्यांच्या तेराव्याला मी पोटभर जेवून आले, पण राग तिथं सोडला नाही, परत घेऊन आले. दुसरी व्यक्ती जिवंत आहे. तिचे गुडघे दुखतात, चहात साखर ती सुनेच्या नकळत घालते आणि सध्या हे लिहीत बसली आहे.

कळमनुरी तालुक्यातल्या मुलींच्या एका शाळेत मी क्लार्क होते. शाळेचं नाव सांगत नाही, भिंतींचा काही दोष नव्हता. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि सगळ्यांनाच आपण एकदम पुढारलो असं वाटत होतं. माझं वय चाळीस. टायपिंगचा वेग असा की ऑफिसात ताशा वाजतोय असं लोकांना वाटे. त्या काळच्या मला मी आता 'नलिनीबाई' म्हणते, जणू दुसरीच कोणी. तसं म्हटलं की शिव्या द्यायला सोपं जातं.

शाळेत चार कॉम्प्युटर आले तेव्हा या नलिनीबाईंनी त्यांच्यावर घालायला स्वतः विणलेले लोकरीचे रुमाल आणले. खोलीला पडदे लावले, चपला बाहेर काढायची पाटी लावली. मग अनुसया आली. डोंगरकड्याच्या अलीकडच्या तांड्यावरची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, उंच, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. नांदेडला कॉम्प्युटरचं शिकून आलेली. केसांच्या अंबाड्यात लहान स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. तिनं माझे रुमाल चिमटीत धरून उचलले.

"हे कोणी घातलं?"

"मी. शोभा येते."

"मशीन गुदमरून राहिलं बाई. तुमाला घोंगडी पांघरून उन्हात बसवलं तर चालंल का?"

मी काहीतरी दाखवायला पडद्यावर बोट टेकवलं, तोच ती कडाडली, "हात मागं!"

हा तिचा पहिला नियम. ती मशीनवर बसली की बाकीच्यांनी प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मुली, बाया, शिपाई, सगळ्यांनी. दुसरा नियम वाचण्याचा. मशीन काही विचारील ते मोठ्यानं वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, मगच कळ दाबायची. "ते तुमाला इचारून राहिलं ना? मग ऐका तरी काय म्हणतं ते. घरात सून काही इचारती तिचं ऐकत न्हाई, बराबर? मशीनचं तरी ऐका."

रागीट होती. पण तिचा राग कधी खालच्या माणसावर ओतलेला मी पाहिला नाही. तो नेहमी वर चढायचा. एकदा शिक्षण खात्याचे कोणी साहेब पाहणीला आले. त्यांनी ऐटीत कीबोर्डवर हात ठेवला. अनुसयानं मान वर न करता सांगितलं, "साहेब, हात मागं." साहेबांनी दचकून खरंच हात मागं बांधले. मुली फुटल्या हसायला. साहेबसुद्धा हसले. फक्त हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी ते मनात कुठंतरी ठेवून दिलं, जसं मी ऑफिसात अर्ज ठेवून देत असे, हव्या त्या दिवशी काढायला.

आमच्याकडे लाइट जायची वेळ ठरलेली होती, यायची नव्हती. काम चालू असताना लाइट गेली की कधी कधी मशीन पुन्हा उठायचंच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजीची एकच ओळ यायची, की पार्टिशन सापडत नाही. नव्यानं विंडोज टाकायला जावं तर तेही अडून बसायचं. नलिनीबाईंना वाटायचं, संपलं, सगळं जळालं. पहिल्या वेळी तर मी रडलेसुद्धा. अनुसया वैतागली आणि सगळ्या वर्गाला मैदानात घेऊन गेली. खो-खोच्या फक्कीनं तिनं जमिनीवर मोठा चौकोन आखला आणि मध्ये एक रेघ ओढली.

"ही हार्ड डिस्क. म्हणजे शेत. रेघेच्या अलीकडं विंडोज राहतं. पलीकडं आपलं सामान, म्हणजे समजा ज्वारी." तिनं पलीकडच्या भागात दहा-बारा मुली उभ्या केल्या. मग पायानं फरफर सगळ्या रेघा पुसून टाकल्या. "आता सांगा, ज्वारी कुठं गेली?"

मुली इकडं तिकडं पाहू लागल्या. एक म्हणाली, "हितंच हाय की. जागच्या जागी."

"शाब्बास! सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात न्हाई. मशीनला फक्त बांध दिसंना झाला. बांध व्हता तिथंच पुन्हा घातला की ज्वारी जशीच्या तशी. पण एक बोट जरी इकडं तिकडं घातला तर वाटोळं. आन् मधी कोणी नांगर घातला तर मग देव बी काही करू शकत न्हाई. म्हणून बांध कुठून कुठवर हाय ते लिहून ठेवायचं."

आणि ती लिहून ठेवायची. प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून आत, वहीच्या जाड पुठ्ठ्यासारख्या कागदावर, निळ्या शाईत ती आकडे लिहायची. पहिला भाग या आकड्यापासून या आकड्यापर्यंत, दुसरा या आकड्यापासून पुढं. घडी घालून कागद टेपनं आत चिकटवायची. "ह्या चतुःसीमा," ती म्हणायची. खरेदीखतात शेताच्या लिहितात तशा.

चारांतलं एक मशीन ऑफिसात होतं, त्याच्या दुसऱ्या भागात काय होतं ते सांगायला हवं. शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. दोन उन्हाळे मी पानं वाचत गेले आणि अनुसया टाइप करत गेली. वाचून झालं की पान हातात भुसा होऊन गळायचं. म्हणजे कुणाचं नाव, कुणाची जात, कुणाची जन्मतारीख, सगळं आता फक्त त्या मशीनमध्ये. मी एकदा कंटाळून म्हटलं, "काहून एवढी मरतेस गं? तू तर पर्मनंटही नाहीस."

तिनं हात थांबवले. "माझ्या बापाच्या नावापुढं जातीचा रकाना कोराच ठेवला व्हता एका मास्तरनं. तांड्यावरचं पोरगं, लिहिलं काय न् न्हाई काय. त्या एका कोऱ्या रकान्यापायी माझ्या भावानं दोन वर्षं कळमनुरी-हिंगोली एक केलं. वाचा पुढचं."

ती तासिका तत्त्वावर होती. त्या वर्षी जागा पक्की व्हायची होती. दिवाळीनंतर तपासणी होती, त्यात हे रेकॉर्ड दाखवायचं आणि त्यावर तिची नेमणूक ठरायची, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. हेडमास्तरांचा एक भाचाही कॉम्प्युटर शिकून घरी बसला होता, हे तोंडी सांगायची गरज नव्हती. रेकॉर्डची दुसरी प्रत हवी म्हणून अनुसयानं सीडी भरायचं यंत्र मागितलं. अर्जावर हेडमास्तरांनी लिहिलं, "पाहू." तो अर्ज मीच फाइलला लावला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगर, विळा, टाइपरायटर आणि आता कॉम्प्युटर. नलिनीबाईंचा उत्साह काय वर्णावा! बाहेरून पुसून समाधान होईना, म्हणून शिपायाकडून झाकण काढवलं आणि रंगाच्या ब्रशनं आतली धूळ झाडली. आत एक मळकट घडी चिकटलेली. उघडून पाहिली तर नुसते आकडे. मला वाटलं, कारखान्यातल्या कुणाची आकडेमोड. फक्कीचं ते शेत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, चतुःसीमा हा शब्द दहा वेळा ऐकला होता. पण झाडू हातात आला की बाईमाणसाला सगळाच कचरा दिसतो, निदान माझ्यासारखीला. तरी कागद जाड आणि चांगला होता, टाकवेना. प्रसादाच्या पुड्या बांधायला कागद कमी पडत होते. मी त्याची कुंकवाची पुडी बांधली. अशा वीस-पंचवीस पुड्या ताटात ठेवून बत्ताशांबरोबर सगळ्यांना वाटल्या आणि झाकणाला हळदीची पाच बोटं ओढली.

आठवड्यानं, शनिवारी सकाळी, लाइट गेली आणि आली. ऑफिसातलं मशीन उठेना. अनुसयानं फ्लॉपी घालून पाहिलं. विंडोजचा भाग बिघडला होता, रेकॉर्डचा भाग शाबूत. "विंडोज पुन्हा टाकते. तासाचं काम," ती म्हणाली. पार्टिशनची यादी पडद्यावर होती, तेवढ्यात हेडमास्तरांनी तिला कशालातरी बोलावलं. जाताना ती म्हणाली, "बाई, हात मागं."

मी दहा मिनिटं हात मागं ठेवले. अकराव्या मिनिटाला नलिनीबाईंना अक्कल सुचली. मागच्याच आठवड्यात तिनं वर्गातल्या एका मशीनवर हेच केलेलं मी पाहिलं होतं. आधी जुने भाग काढून टाकायचे, मग नवे करायचे. तीन नंबर दाबायचा, पुढं हो म्हणायचं. ती येईस्तोवर आपण निम्मं काम करून ठेवू, चकित होईल! त्या मशीनमध्ये काहीच नव्हतं आणि ह्यात सगळं होतं, एवढाच काय तो फरक.

मी तीन दाबलं. मशीननं विचारलं, कोणता भाग? मी सांगितला, नेमका रेकॉर्डचा. इंग्रजीत सावध केलं, आतलं सगळं जाईल. मी वाचलं नाही. मग त्यानं त्या भागाचं नाव टाइप करून मागितलं. बिचारं यंत्र किती वेळा विचारत होतं! मी एकेक अक्षर टाइप केलं, एकही चूक न करता. नाव घेऊन, हाक मारून बळी दिला. शेवटी विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो.

अनुसया परत आली, पडद्याकडं पाहिलं आणि खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"हे कोणी केलं?"

हेडमास्तर तिच्या मागोमागच आले होते. मी म्हटलं, "लाइट फडफडली गं मघाशी."

"लाइट जाऊन हे व्हत न्हाई बाई. ह्याला नाव टाइप करावं लागतं."

"म्हणजे रेकॉर्ड गेलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"गेलं न्हाई. बांध गेला. कागद हाय ना माझा." तिनं अंबाड्यातून स्क्रू ड्रायव्हर काढला, झाकण उघडलं, तोंडात बॅटरी धरून आत डोकावली. बराच वेळ डोकावत राहिली. मग बॅटरी हातात घेतली. "कागद कोणी काढला?"

मला तेव्हा कळलं. तोंड मात्र बंदच राहिलं. कुंकवाच्या वीस-पंचवीस पुड्यांतली ती कोणती, कुणाच्या घरी गेली, देव जाणे.

हेडमास्तर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "तांड्यावरच्यांच्या हाती मशीन दिली की हेच होणार." मी खाली पाहून टाचण्या मोजल्या. माझ्या टेबलावर टाचण्या नेहमी मोजलेल्या असत.

शनिवार दुपार आणि रविवारचा दिवस ती अंदाजानं आकडे मांडत बसली. मशीनवर काहीच लिहायची नाही, फक्त वाचून पाहायची, बांध कुठं असेल ते चाचपायची. "नांगर लागू द्यायचा न्हाई," स्वतःशीच पुटपुटायची. मी दोनदा डबा घेऊन गेले. भाकरी आणि ठेचा. तिनं खाल्ला, मला वाटलं क्षमा झाली. मी किती मूर्ख होते, लोकांना वाटतं म्हातारपणी बुद्धी जाते, माझी तर तरुणपणीच गेलेली होती.

सोमवारी सकाळी ती तांड्यावरून आली तीच मुळी शांत. तिला शांत मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं एका फ्लॉपीतल्या छोट्याशा प्रोग्राममध्ये चार आकडे भरले, मशीन बंद करून चालू केलं आणि रेकॉर्ड समोर आलं. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, जागच्या जागी. ऑफिसात मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "कसं गं शोधलंस? केवढी हुशार!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमाला मला काही सांगायचंय का?"

आता इथं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं वाक्य येतं. मी म्हटलं, "चहा घेतेस?"

"न्हाई," ती म्हणाली.

दुपारी हेडमास्तरांनी मला टाइपरायटरला कागद घालायला सांगितला. रेकॉर्ड मिळालं ना, असं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. ते म्हणाले, "दोन दिवस गायब होतं की नाही? निष्काळजीपणा तो निष्काळजीपणा. लिहा." मी लिहिलं. श्रीमती राठोड यांच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे, सबब उद्यापासून त्यांची सेवा आवश्यक नाही. टाइपरायटरवर, ताशासारखं, एकही चूक नाही. तेव्हा एखादी तरी कळ अडकायला हवी होती. मेलं, माझ्या हाताला तेवढीही लाज नव्हती.

अनुसया माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिनं स्वतःचे हात पाठीमागं बांधले.

"वाचा बाई. मोठ्यानं."

मी वाचलं. सगळं, शेवटच्या सहीपर्यंत, खणखणीत आवाजात. तिनं ऐकून घेतलं, कागद घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि गेली. दिवाळीनंतर भाचा रुजू झाला. तो मशीनवर कुणालाच काही वाचायला लावत नसे. मुलींना तो फार आवडला.

यानंतर पाच-सहा वर्षं गेली. लेकीसाठी घरी घेतलेला कॉम्प्युटर बिघडला. तीच काळ्या पडद्यावरची पांढरी ओळ. कळमनुरीत कुणाला जमेना. हिंगोलीत एक बाई आहे, फार खवट आहे, पण करून देते, असं सांगितलं गेलं. मला कळायला हवं होतं. बसमध्ये कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन गेले. स्टँडपासून दोन गल्ल्या आत दुकान होतं. आत पाच-सहा गिऱ्हाईकं, त्यात एक पोलिसवाला, सगळे हात मागं बांधून उभे. मी दारातच ओळखलं.

अंबाड्यात दोन-चार केस पांढरे झाले होते. स्क्रू ड्रायव्हर तोच. तिनं डबा घेतला, माझ्याकडं पाहिलं, कपाळाला आठी नाही, हसू नाही. "बसा," म्हणाली. मी बसले ती तिच्या टेबलापाशी. टेबलावर काच होती. काचेखाली एक कागद. जाड, घड्यांच्या खुणा पडलेला, निळ्या शाईतले आकडे आणि त्यावर, बरोबर मधोमध, पसरलेला कुंकवाचा लाल डाग.

"हा तुला…"

"तुमीच दिला ना. खंडेनवमीचा प्रसाद." ती माझ्या डब्याचे स्क्रू काढत होती. "मायनं देवळीत ठेवला व्हता. कुंकू कोणी फेकून देत न्हाई आमच्यात. त्या रविवारी सांजच्या पूजेला पुडी सोडली तर आत माझंच अक्षर."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? हेडमास्तरांपुढं कागद टाकायचा होतास!"

"मी कशाला टाकू? मी इचारलं ना तुमाला. काही सांगायचंय का म्हणून. मी वाट पाहून राहिले व्हते बाई. कागद वाचून दाखवला तुमी तवाबी वाट पाहून राहिले व्हते."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"मोठ्यानं."

"अनुसया, लोक आहेत…"

"तवाबी व्हते."

मी उभी राहिले. मी, नलिनीबाई, जिच्या टाचण्या मोजलेल्या असत. म्हटलं, "तो भाग मी पुसला. तो कागद मी काढला. तिनं काही केलं नव्हतं. मी गप्प बसले." पोलिसवाल्यानं टोपी काढून काखेत धरली, का ते त्याचं त्यालाच माहीत. माझी मान खाली गेली होती. वर केली तेव्हा मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या बाई. कथांमध्ये म्हणतात तसं.

तिनं म्हटलं नाही. का म्हणावं? तिची गेलेली वर्षं काही जागच्या जागी नव्हती. तासाभरात तिनं माझं मशीन उठवलं, एका कोऱ्या जाड कागदावर आकडे लिहिले, घडी घातली, आत चिकटवली आणि झाकण बसवलं. स्क्रू आवळताना तिनं जरा जास्तच पिळले.

मी डबा उचलून दारापर्यंत आले आणि मागं वळले. ती पोलिसवाल्याच्या मशीनमध्ये वाकली होती, दातांत बॅटरी धरलेली, त्यामुळं बोलता येत नव्हतं. पोलिसवाल्याचा हात कीबोर्डकडं सरकला. तिनं वर न पाहता एक बोट उचललं, आणि पोलिसाचे हात मागं गेले. दोन्ही हातांत डबा होता म्हणून, नाहीतर माझेही गेले असते.